बिनपायडलची पहिली सायकल : साताऱ्यातील पालकांसाठी

थोरल्या मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला आम्ही रिवाजाप्रमाणे मागे आधाराची दोन छोटी चाके असलेली सायकल आणली. दोन वर्षे तिने ती सदर बझारातील आमच्या गल्लीत खडखडाट करीत फिरवली, आणि पाचव्या वर्षी आधाराची चाके काढली तेव्हा लक्षात आले की पायडल मारण्यापलीकडे तिला काहीच आलेले नव्हते. वळण आले की ती अंग बाहेरच्या बाजूला टाकी, कारण आधाराच्या चाकांवरची गाडी वळताना अंगाला बाहेरच्याच बाजूला ढकलते. दोन चाकांच्या सायकलला मात्र नेमके उलटे हवे असते. अंगवळणी पडलेली ती सवय मोडण्यात उन्हाळ्याची एक अख्खी सुट्टी गेली आणि दोन्ही गुडघे सोलले गेले. धाकट्याच्या वेळी आम्ही तो दोन वर्षांचा होताच त्याला पायडल, साखळी, आधाराची चाके यांपैकी काहीही नसलेली हलकी सायकल दिली, जिला दुकानात बॅलन्स बाइक म्हणतात आणि आमच्या घरी आजी अजूनही ‘अर्धी सायकल’ म्हणते. चौथा वाढदिवस यायच्या आत तो एका सकाळी पायडलची सायकल चालवू लागला. दोन मुलांवरून नियम सिद्ध होत नाही हे मान्य. परंतु या गाडीमागचे कारण समजून घेतले की हे नवल वाटत नाही.

पायडल नसताना मूल शिकते काय

दोन चाकांची सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवले, तर चाके पुन्हा अंगाच्या खाली येतात आणि ती सावरते. तळहातावर उभी काठी तोलताना काठी ज्या बाजूला झुकेल तिकडे आपण हात नेतो, तसाच हा प्रकार आहे. ही हालचाल सांगून शिकवता येत नाही. गाडी शेकडो वेळा थोडीशी कलावी आणि प्रत्येक वेळी मुलाने ती स्वतः सावरावी, तेव्हाच हातांना ती कळते. आधाराची चाके गाडीला कलूच देत नाहीत, म्हणून तोल शिकण्याची संधीच येत नाही. बिनपायडलच्या सायकलवर मुलाचे दोन्ही पाय जमिनीवर असतात, त्यामुळे गाडी कलते पण मूल पडत नाही, आणि पायांचा आधार किती घ्यायचा हे तेच दर पावलाला ठरवते.

‘पायडलच नाही, ती कसली सायकल?’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्यांना सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे जगातली पहिली दुचाकी अशीच होती. जर्मनीतील मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस याने १२ जून १८१७ रोजी, म्हणजे मराठी राज्याचा अस्त होण्याच्या आदल्या वर्षी, लाकडी दुचाकीवर बसून पायांनी जमीन रेटत कित्येक किलोमीटरची फेरी मारून दाखवली. पायडल बसवलेल्या सायकली फ्रान्समध्ये रूढ झाल्या त्या १८६० नंतरच्या दशकात. तोल आधी आणि पायडल नंतर हा क्रम माणसाने मुळात तसाच शोधला होता. आपण मुलांच्या बाबतीत मध्येच तो उलटा केला.

वय विचारू नका, पाय मोजा

खोक्यावर छापलेले ‘२ ते ५ वर्षे’ हे शब्द फारसे उपयोगाचे नाहीत. मूल न अडखळता चालते, थोडे पळते आणि पायरीवरून हात धरून उतरते, एवढे झाले की ते या गाडीसाठी तयार आहे असे समजावे. कोणाच्या बाबतीत हे दीड वर्षाला होते, कोणाच्या बाबतीत अडीच वर्षांनी. खरा प्रश्न पायांच्या लांबीचा असतो, आणि ती घरी मोजणे पाच मिनिटांचे काम आहे. मुलाला बूट घालून भिंतीला पाठ टेकून उभे करावे, पुठ्ठ्याच्या बांधणीचे एखादे पुस्तक त्याच्या दोन पायांमध्ये आडवे धरून अंगाला लागेपर्यंत वर सरकवावे, पुस्तकाची कड भिंतीला चिकटलेली असावी, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. मूल हलते, हसते, बसकण मारते. म्हणून तीनदा मोजून मधले माप घ्यावे.

या मापातून अडीच-तीन सेंटिमीटर वजा केले की सीटची योग्य उंची मिळते. समजा माप ३४ सेंटिमीटर आले, तर सीटचा वरचा भाग जमिनीपासून ३१ सेंटिमीटरच्या आसपास हवा. तेव्हाच मूल सीटवर पूर्ण बसून दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकवू शकते आणि गुडघे किंचित वाकलेले राहतात. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहावे लागत असेल तर गाडी मोठी आहे. ‘दोन वर्षे तरी वापरता येईल’ म्हणून एक माप मोठे घेणे हा आपल्याकडचा जुना व्यवहार शाळेच्या गणवेशात चालतो, इथे चालत नाही. पाय न पोचणारे मूल गाडीला घाबरते आणि एकदा घाबरले की महिनाभर तिच्याकडे पाहत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एकच आकडा विचारावा : सीट खालच्या टोकाला असताना तिची उंची किती? चाकाचा इंचातला आकार सगळे सांगतात, हा आकडा बहुतेकांना मोजूनच सांगावा लागतो. पाय लहान असतील तर सुमारे ३० सेंटिमीटरपर्यंत खाली येणारी सीट शोधावी.

वजन, चाके आणि बाकीच्या गोष्टी

दुसरा महत्त्वाचा आकडा वजनाचा आहे. गाडीचे वजन मुलाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आत असावे, असा एक ढोबळ संकेत पाळला जातो. दोन वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १२ किलो असते, म्हणजे गाडी साडेतीन किलोच्या आसपास हवी. त्याच वयाच्या मुलासाठी मिळणारी पायडलची लोखंडी सायकल सात-आठ किलोंची सहज भरते. स्वतःच्या वजनाच्या अर्ध्याहून जड गाडी आपल्याला कोणी ढकलायला दिली तर आपण काय म्हणू, याचा विचार करावा. हलकी गाडी मूल स्वतः उचलते, वळवते, पडल्यावर उभी करते आणि मुख्य म्हणजे कंटाळल्यावर ती घरी आणण्याचे काम आपल्याला एका हाताने करता येते. पेट्यांवर लिहिलेले वजन कधी गाडीचे असते, कधी पेटीसकटचे. शंका आली तर घरच्या वजनकाट्यावर आधी आपण एकटे उभे राहावे, मग गाडी हातात घेऊन.

चाके बहुधा १० किंवा १२ इंचांची असतात. अगदी लहान चणीच्या मुलाला १० इंची बरी पडते, पण आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि पेव्हर ब्लॉकच्या फटी पाहता जमत असेल तर १२ इंची घ्यावी, कारण मोठे चाक अशा फटींत अडकत नाही. टायरचा निर्णय मात्र साताऱ्याच्या मातीकडे पाहून करावा. हवा भरलेले टायर गचके कमी देतात आणि ओल्या जागी पकड चांगली ठेवतात, पण मोकळ्या मैदानाच्या कडेला सराटे पसरलेले असतात, बाभळीचा काटा कुठेही सापडतो, आणि एवढ्या लहान आकाराची ट्यूब प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही. फोमचे भरीव टायर पंक्चर होत नाहीत, हलके असतात, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या वेगाला त्यांची पकड पुरते. आम्ही फोमचे घेतले आणि पस्तावलो नाही. कठीण प्लॅस्टिकची, वर रबर नसलेली चाके मात्र घेऊ नयेत, कारण गुळगुळीत फरशीवर ती घसरतात आणि डांबरी रस्त्यावर सगळा थरथराट मुलाच्या मनगटात जातो.

हँडलच्या मुठी मुलाच्या बोटांना पूर्ण वेढता येतील इतक्या बारीक हव्यात आणि त्यांच्या टोकाला फुगीर गोळे हवेत, म्हणजे पडताना नळीचे टोक पोटात खुपत नाही. मूल तीन वर्षांचे होईपर्यंत हाताचा ब्रेक निरुपयोगी आहे. त्या वयाच्या बोटांत तो दाबण्याची ताकद नसते आणि मूल पायांनीच थांबते. काही गाड्यांचे हँडल एका मर्यादेपलीकडे वळत नाही. अगदी लहान मुलासाठी ही सोय वाईट नाही, परंतु हँडल पूर्ण फिरणाऱ्या गाडीने आमचे काही अडले नाही. पाय ठेवायची छोटी फळी असेल तर चांगले, नसेल तरी मुले पाय हवेत धरतात. गाणी वाजवणाऱ्या, दिवे लावणाऱ्या, समोर टोपली असलेल्या गाड्यांत पैसे आणि वजन दोन्ही वाया जाते. साध्या गाडीपासून ॲल्युमिनियमच्या नामांकित गाडीपर्यंत किमती दोन हजारांपासून दहा हजारांच्या पुढेही जातात. माप आणि वजन जुळत असेल तर स्वस्त गाडीही तेच काम करते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीवर ते चिन्ह शोधावे, आणि नसेल तर विक्रेत्याला कारण विचारावे.

घरात थोरल्याची जुनी १२ किंवा १४ इंची सायकल पडून असेल तर ओळखीच्या सायकल दुरुस्तीवाल्याकडून तिचे पायडल उतरवून घेता येते. नुसते पायडल काढून भागत नाही, कारण त्यांचे दांडे तसेच राहिले तर पाऊल टाकताना नडगीवर बसतात. म्हणून कॉटर पिन (दांडा आसाला घट्ट धरणारी खीळ) ठोकून दांडे आणि साखळीही काढून घ्यावी, आणि आसाची उघडी टोके जाड रबरी तुकड्याने झाकावीत. हा उपाय चार-साडेचार वर्षांच्या मुलासाठी उत्तम आहे. दोन वर्षांच्या मुलासाठी मात्र नाही, कारण वजन फारसे कमी होत नाही आणि सीटही पुरेशी खाली येत नाही.

जोडणी

घरी आलेल्या खोक्यातली गाडी अर्धी जोडलेली असते. हँडल, सीट आणि कधी पुढचे चाक एवढेच बसवायचे असते, आणि ॲलन पाना सोबत येतो. यात दोन चुका वारंवार होतात. पहिली, पुढचा चिमटा (पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणारा भाग) उलटा फिरवलेल्या स्थितीतच हँडल घट्ट करणे. चिमट्याचा बाक पुढच्या दिशेला, म्हणजे मुलापासून लांब जायला हवा. दुसरी, सीटची नळी तिच्यावर कोरलेल्या रेषेपेक्षा जास्त बाहेर ओढणे. ती रेष नेहमी आतच राहिली पाहिजे, नाहीतर ओझ्याने नळी वाकते. सगळे घट्ट केल्यावर पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावे. ते चाकाबरोबर न हलता एकटेच फिरत असेल तर आणखी आवळावे. हँडलची उंची बसलेल्या मुलाच्या पोटाच्या आणि छातीच्या मध्ये कुठेतरी येईल अशी ठेवावी.

डोके आणि पावले

या वयात शरीराच्या मानाने डोके मोठे आणि जड असते, त्यामुळे मूल पडते तेव्हा डोके पुढे जाते. हेल्मेट पहिल्याच दिवशी, घरातल्या फेरीलाही घालावे, म्हणजे गाडी आणि हेल्मेट ही जोडी मुलाच्या मनात पक्की होते. नंतर लावू पाहिले तर तो रोजचा तंटा होतो. कपाळाच्या मध्यातून, कानांच्या वरून डोक्याचा घेर मोजावा. दोन वर्षांच्या मुलाचा तो ४७-४८ सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून ४४ ते ४८ किंवा ४८ ते ५२ अशा मापांपैकी एक बसते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, आडवे बसले पाहिजे, मागे सरकलेले नको, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात आपले एक बोट कसेबसे जावे. जोराचा आपटा बसलेले हेल्मेट वरून ठीक दिसले तरी पुन्हा वापरू नये. घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यावर चढण्यापूर्वी ते काढून घ्यावे, कारण पट्टा कुठेतरी अडकून गळ्याला फास बसू शकतो.

पायांत बंद बूट हवेत. चपला आणि सँडल चालणार नाहीत, कारण मुलाचे पाय हेच इंजिन आणि तेच ब्रेक. बुटांचे पुढचे टोक दोन महिन्यांत झिजून जाते, म्हणून नवे शाळेचे बूट यासाठी वापरू नयेत. मावसभावाचे जुने उत्तम. आणखी एक बारीक गोष्ट : लांब नाडी दोन लूप करून बुटात खोचावी.

साताऱ्यात सपाट जागा शोधणे

सांगलीकर पालकांना या परिच्छेदाची फारशी गरज पडणार नाही. कृष्णाकाठच्या त्या सपाट गावात गाडी कुठेही टेकवावी आणि शिकायला लागावे. सातारा मात्र अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेला, त्यामुळे किल्ल्याच्या अंगाच्या पेठांतल्या गल्ल्या दिसायला सरळ असल्या तरी पाण्याचा तांब्या उपडा केला की पाणी कुठे पळते ते पाहावे. पायी चालणाऱ्या मोठ्या माणसाला ज्याचा पत्ताही लागत नाही असा उतार दोन वर्षांच्या मुलाच्या गाडीला पुरेसा असतो.

यासाठी आम्ही एक साधी कसोटी वापरतो. खिशात टेनिसचा चेंडू ठेवावा आणि निवडलेल्या जागी तो जमिनीवर अलगद सोडावा. चेंडू आपणहून चालू लागला तर पहिल्या महिन्यासाठी ती जागा बाद. तो जिथल्या तिथे थांबला तर जागा चांगली. या कसोटीला घराची गच्ची टिकत नाही (तिला पाणी जायला मुद्दाम ढाळ दिलेला असतो, आणि कठडा असला तरी तिथे गाडी नेऊच नये), तर इमारतीखालचे पार्किंग, सकाळच्या वेळचे मोकळे शाळेचे पटांगण किंवा घरातला लांब हॉल बहुधा टिकतो. शाहू क्रीडा संकुल किंवा जिल्हा परिषदेचे मैदान अशा मोठ्या जागी सराव, स्पर्धा किंवा प्रदर्शन नसेल ती वेळ पाहून जावे, आणि खेळणाऱ्यांच्या वाटेपासून दूर कडेचा पट्टा निवडावा. सुटा मुरूम पसरलेला असेल तिथे चाक घसरते आणि पडल्यावर खरचटते जास्त. दाबून घट्ट झालेली माती किंवा खरबरीत काँक्रीट चांगले. गवतावर मूल पडले तरी लागत नाही हे खरे, पण चाक इतके अडते की गाडी पुढे जातच नाही आणि मूल वैतागते.

सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर फिरायला जाणाऱ्यांची वर्दळ असते, आणि ‘आपणही जातोच, गाडी बरोबर घेऊ’ असा मोह होतो. कृपया घेऊ नये. चढताना गाडी आपल्याच खांद्यावर येते, आणि उतरताना बिनब्रेकच्या गाडीवर बसलेले मूल आपल्या हाताच्या पलीकडे जायला चार सेकंद लागतात. यवतेश्वरच्या घाटरस्त्याबद्दल वेगळे सांगायला नको. रहदारीचा कोणताही रस्ता, मग तो आपल्या दारातला का असेना, या गाडीसाठी नाही. मोटारीच्या आरशात एवढ्या खुज्या उंचीचे मूल दिसत नाही. पार्किंगमध्येही एक मोठे माणूस फाटकाशी उभे असावे.

पहिला महिना

गाडी आली त्या दिवशी तिच्यावर बसण्याचा आग्रह करू नये. ती बैठकीत खेळण्यांत उभी करून ठेवावी. मूल तिला ढकलील, आडवी पाडील, चाक फिरवून पाहील. हे सगळे अभ्यासात मोजावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते तिच्यावर टांग टाकते आणि सीटवर न बसता, गाडी दोन पायांमध्ये धरून चालू लागते. पाहणाऱ्याला हे गमतीचे आणि निरर्थक वाटते, पण हँडल वळवले की गाडी वळते, गाडी कलली की वजन हाताला लागते, हे सर्व ते याच काळात टिपते. काही मुले या टप्प्यावर दोन दिवस राहतात, काही तीन आठवडे. आमचा धाकटा अठरा दिवस नुसता चालत होता, आणि त्या अठरा दिवसांत माझा धीर सुटून मी एकदा सीट दोन सेंटिमीटर वर केली, ‘म्हणजे तो बसेल’ अशा समजुतीने. त्याने गाडी सोडून दिली. सीट पुन्हा खाली आणल्यावर चौथ्या दिवशी तो आपणहून बसला.

बसून चालणे सुरू झाले की पावले हळूहळू लांब होतात. या काळात सर्वांत अवघड काम मोठ्यांचे आहे आणि ते म्हणजे हात न लावणे. हँडल धरून पुढे ओढले तर मुलाच्या हाताला वळणाचे काहीच कळत नाही. पाठीमागून सीट धरून पळवले तर तोल आपण सांभाळतो आणि श्रेय मुलाला देतो. आपल्या पिढीने तासाच्या भाड्याच्या मोठ्या सायकलवर हाफ पायडल मारत, मागून कोणीतरी धरलेले असताना शिकून घेतले, त्यामुळे नातवामागे धावण्याचा आजोबांचा उत्साह समजण्यासारखा आहे. त्यांना दहा पावलांवर समोर उभे करून ‘इकडे ये’ म्हणायचे काम द्यावे. हे काम खरोखरच उपयोगाचे आहे, कारण मूल समोर पाहून चालवायला लागते. एरवी ते सारखे पुढच्या चाकाकडे पाहत राहते आणि जिथे पाहते तिकडेच गाडी जाते. मूल घाबरलेच असेल तर आपण त्याच्या काखेखाली किंवा पाठीला हलका हात लावावा, गाडीला कधीही लावू नये.

दिवसाला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. आठवड्यातून एकदा तासभर नेण्यापेक्षा रोज थोडे नेणे अधिक कामाचे, आणि ‘पुरे’ असे मूल म्हणण्यापूर्वी थांबता आले तर दुसऱ्या दिवशी तेच गाडी घेऊन दाराशी उभे राहते. शेजारच्या मुलाशी तुलना तोंडातून काढू नये.

मग एखाद्या दिवशी, पळता पळता, दोन्ही पाय क्षणभर वर येतात. आमच्याकडे याला ‘विमान’ म्हणतात. सुरुवातीचे विमान एका सेकंदाचे असते आणि पुष्कळदा ते मुलाच्याही लक्षात येत नाही. इथून पुढे खेळ सुचवावेत : खडूने दोन रेघा आखून ‘या रेघेपासून त्या रेघेपर्यंत विमान’, किंवा पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तीन-तीन पावलांवर ठेवून त्यांमधून नागमोडी वाट. विमान पाच-सहा सेकंद टिकू लागले आणि मूल त्यातच वळूही लागले की तोल आला असे समजावे.

उतार कधी आणि कसा

आता तोच चेंडू पुन्हा काढावा. तो सावकाश, चालत्या माणसाच्या वेगाने घरंगळेल अशी, आठ-दहा मीटर लांबीची आणि खाली लांब सपाट जागा असलेली उतरण शोधावी. साताऱ्याला इतके दिवस अडचण वाटणारी गोष्ट इथे वरदान ठरते, कारण सांगलीकरांना अशी उतरण मुद्दाम शोधावी लागेल. परंतु उतारावर नेण्यापूर्वी थांबणे पक्के हवे. सपाट जागी ‘पळ, पळ, थांब’ हा खेळ खेळून, दोन्ही पाय एकदम पुढे टेकवून थांबण्याची सवय मोडणार नाही इतकी घट्ट करून घ्यावी. एकच पाय टेकवणारे मूल त्या बाजूला फिरते आणि आडवे होते. पहिल्या फेऱ्या उताराच्या माथ्यापासून न करता पायथ्यापासून दोन मीटर वरून कराव्यात, आणि मूल सहज थांबू लागेल तसतसे एकेक मीटर वर सरकावे. आपण खालच्या टोकाला उभे राहावे, शेजारी पळू नये. उताराच्या शेवटी भिंत, गटार किंवा फाटक असेल तर ती जागा कितीही सुंदर असली तरी सोडून द्यावी.

पडल्यावर

मूल पडेल. पडल्यावर ते आधी आपल्या चेहऱ्याकडे पाहते आणि मग रडायचे की नाही ते ठरवते, म्हणून धावत सुटण्यापूर्वी एक श्वास घ्यावा. खरचटले असेल तर साध्या पाण्याने धुऊन माती काढावी. हळद दाबून माती आत कोंडू नये. डोक्याला मार बसला असेल आणि त्यानंतर उलटी, नेहमीपेक्षा जास्त झोप किंवा गुंगी, बेशुद्धी, न थांबणारे रडणे यांपैकी काही दिसले तर घरगुती उपचारात वेळ न घालवता लगेच डॉक्टरांकडे न्यावे. भटकी कुत्री फिरत्या चाकामागे लागतात, हीही एक पडण्याची वाट आहे. कुत्रे दिसले की मुलाला थांबवून उतरवावे, थांबलेल्या चाकात त्यांना रस उरत नाही.

पावसाळा आणि देखभाल

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे अंगणातल्या शहाबादी फरशीवर शेवाळ धरते आणि त्यावर फोमचे टायर साबणासारखे सरकतात. हे महिने घरात किंवा कोरड्या पार्किंगमध्येच काढावेत. माझ्या मते या गाडीची सुरुवात करायला दसरा-दिवाळी हा उत्तम काळ : जमीन वाळलेली, ऊन सौम्य, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत मूल विमानात असते. दसऱ्याला मोठ्या वाहनांबरोबर या गाडीलाही झेंडूचा हार घालावा. मात्र हार चाकात जाईल असा लोंबता नको.

देखभाल जवळपास नाहीच. साखळी नाही, त्यामुळे तेल नाही. महिन्यातून एकदा हँडल, सीट आणि दोन्ही चाकांचे नट आवळावेत, चाक उचलून फिरवून खरखर ऐकू येते का ते पाहावे, आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे काढावेत. हवेचे टायर असतील तर बाजूवर लिहिलेल्या आकड्याइतकीच हवा भरावी. दर दोन महिन्यांनी मुलाचे पाय पुन्हा मोजून सीट वर करावी. वेगाने चालवणाऱ्या मुलाला सीट किंचित वर आवडते, तेव्हा तळवे सपाट टेकण्याचा नियम थोडा सैल केला तरी चालतो.

पायडलकडे जाताना

विमान सहज जमते, वळते, थांबते, आणि पायडलच्या सायकलच्या मापात पाय बसतात, तेव्हा बदल करावा; बहुधा हे साडेतीन ते पाच वर्षांच्या दरम्यान येते. पहिली पायडलची सायकल १२ किंवा १४ इंची आणि मिळेल तितकी हलकी घ्यावी. दुकानात आधाराची चाके बसवूनच देतात. ती तिथेच काढून ठेवायला सांगावे, नाहीतर आजवर कमावलेले सगळे आठवड्यात विसरायला होते. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी पायडल उतरवून मुलाला ही जड गाडी नुसती ढकलत चालवू द्यावी. पायडल काढताना एवढे लक्षात ठेवावे की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. जोर लावून भलत्या दिशेला फिरवले तर आटे कापले जातात. पायडल पुन्हा बसवल्यावर एक पायडल वर आणि किंचित पुढे आणून त्यावर पाय ठेवायला सांगावे आणि एक दाब देऊन सुटायला सांगावे, बस. तोल त्याला येतोच, त्यामुळे फक्त पाय गोल फिरवणे नवे असते.

राहतो तो ब्रेक. या मुलाने आजवर पायांनीच गाडी थांबवलेली असते, आणि पायडलची सायकल अधिक वेगाने जाते, म्हणून पहिल्या दिवसापासून सपाट जागीच खडूच्या रेघेवर हाताच्या ब्रेकने थांबण्याचा सराव द्यावा. ब्रेकची कांडी मुलाच्या बोटांपासून दूर असेल तर सायकलवाल्याकडून ती जवळ आणून घ्यावी; बहुतेक कांड्यांना त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. जुनी गाडी मात्र लगेच कोणाला देऊन टाकू नये. आमचा धाकटा पायडल शिकल्यानंतरही दोन महिने, दमला की, तिच्याकडेच जात होता, आणि शेवटी खालच्या मजल्यावरच्या दीड वर्षाच्या मुलीला ती देताना सीट कुठवर खाली येते हे त्यानेच तिच्या आईला दाखवले.